भोपळ्यांतले थोर

सेलूच्या शाळेत मी रुजू झालो त्या दिवशी हेडमास्तरांनी माझा नेमणुकीचा कागद पाहिला नाही, की सर्टिफिकेटं पाहिली नाहीत. समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "बसा. आडनाव?"

"मधुकर ढगे."

"नाव नाई इचारलं बाप्पा. नाव काय, कोणाचंबी काईबी राह्यते. आडनाव सांगा."

"ढगे."

"ढग्यात कोण झालं?"

"कोण झालं म्हणजे?"

"म्हणजे मोठं कोण झालं? जज, पहिलवान, पुढारी... कोणी तं झालं असंन ना?"

मी बराच विचार केला. आमच्या घराण्यातली ठळक घटना म्हणजे आजोबा एकदा विहिरीत पडून जिवंत वर आले होते. ती यात बसेल असं वाटेना. मी म्हणालो, "कोणी नाही."

अनाथ पोराकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "असू द्या. दुसरीचा वर्ग घ्या."

हे नारायण गोविंद भोपळे गुरुजी. सही करताना 'ना. गो.' मुंगीएवढं आणि 'भोपळे' कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. उंचीनं बेताचे, अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी. शिकवायला उत्तम. गणित असं शिकवत की मठ्ठातला मठ्ठ पोरगाही व्याज-त्रैराशिक करी. पण गणिताच्या मास्तराचंच आडनाव भोपळे म्हटल्यावर पोरं काय गप्प बसतात? कोणाला शून्य मार्क मिळाले की वर्गात कुजबुज व्हायची, "गुरुजीनं याले आपलं नाव देल्लं." गुरुजी स्वतः शाळेत होते तेव्हापासून ही मस्करी त्यांच्या मागे लागलेली. दुसऱ्या कोणी आडनाव बदललं असतं. गुरुजींनी उलटं केलं. आडनाव थोर आहे हे सिद्ध करण्याचा विडा उचलला.

पंधरा वर्षं ते जगातले थोर भोपळे गोळा करत होते. नागपूरचं वर्तमानपत्र सकाळच्या गाडीनं यायचं. गुरुजी त्यातलं राजकारण वाचत नसत, बाजारभावही वाचत नसत. निधनवार्ता, परीक्षांचे निकाल, अधिकाऱ्यांच्या बदल्या आणि कोर्टाच्या बातम्या, म्हणजे जिथे जिथे आडनावं छापून येतात तेवढंच तांबडी पेन्सिल घेऊन वाचायचे. भोपळे सापडला की कात्री. मग त्या गृहस्थाला पोस्टकार्ड: 'आपण आमच्या कुळाचे भूषण आहात. आपले मूळ गाव, जन्मतिथी व पराक्रम कळवावा.'

या सगळ्याची नोंद एका जाड बांधीव रजिस्टरात व्हायची. हे रजिस्टर मुळात शाळेच्या दाखल-खारीजचं. छापील रकाने जसेच्या तसे होते: अनुक्रमांक, पूर्ण नाव, जन्मतारीख, जात, शाळेत दाखल झाल्याचा दिनांक, शेरा. दाखल झाल्याच्या रकान्यात गुरुजी आपल्याला त्या भोपळ्याचा शोध लागला तो दिवस लिहीत. जातीचा रकाना मात्र कोरा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "त्यात काय लिवाचं? सारे आपलेच तं हायेत."

थोरांची यादी मी वाचली आहे. आर्वीकडे पहिली पिठाची गिरणी आणणारे भोपळे. हिंगणघाटचे एक पहिलवान भोपळे, ज्यांनी एका नामांकित मल्लाशी कुस्ती बरोबरीत सोडवली; पाऊस आल्यामुळे ती सुटली होती, पण ते शेऱ्यात नव्हतं. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले एक भोपळे होते. चौकशी केल्यावर निघालं की गृहस्थ चळवळीच्या तीन आठवडे आधीच, सरकारी जंगलातलं सागवान तोडल्याबद्दल आत गेले होते. "तारखीत थोडा फरक हाय," गुरुजी म्हणाले, "पर चळवळ चालू झाली तवा माणूस जेलातच होता ना? झालं तं मंग."

एक निवृत्त जज होते. इंग्रजी पेपरात त्यांचं नाव वाचून गुरुजींनी कार्ड टाकलं. त्यांचं उत्तर हिंदीत आलं. आपलं आडनाव भोपाले आहे, पूर्वज भोपाळहून आले, भोपळे कुळाशी आपला काही संबंध असल्याचं ऐकिवात नाही. गुरुजींनी ते कार्ड सगळ्या मास्तरांसमोर मराठी करून मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "पाह्यलं? 'ऐकिवात नाही' म्हणते. 'नाही' नाई म्हणत. जजचा शब्द हाय, मोजून लिवते ते लोक." जजसाहेबांचा अनुक्रमांक एक होता, तो एकच राहिला.

गुरुजींच्या बायकोला, सरस्वतीबाईंना, या थोर मंडळींचं कौतुक कमी. मी त्यांच्याच घरी पुढल्या खोलीत भाड्यानं राहत होतो, त्यामुळे स्वयंपाकघरातून येणारे शेरे मला रोज ऐकू येत. "एवढे जज न् पहिलवान हायेत घरात," त्या म्हणायच्या, "पर हिरीवरून एक घागर आणाले कोणी उठत नाई."

आठवड्यातून एकदा गुरुजींचे चुलत भाऊ दौलतराव यायचे. केळझरकडची मोठी शेती, खादीचे कडक कपडे, वरच्या लोकांत ऊठबस. आश्रमाचा जिल्हा असल्यामुळे आमच्याकडे सभांचा तोटा नव्हता आणि दर सभेत अस्पृश्यतेवर बोलायला कोणीतरी लागायचंच. ते काम बहुधा दौलतरावांकडे असायचं. त्यांचं भाषण आमच्या चौथीच्या पोरांनाही पाठ होतं. 'आपण सारी एका हाताची बोटं' इथे ते आपला पंजा वर करत. त्या पंजात तीन अंगठ्या होत्या.

तर एका हिवाळ्यात बदल्यांच्या यादीत गुरुजींना नाव सापडलं: बी. एस. भोपळे, असिस्टंट इन्स्पेक्टर ऑफ स्कूल्स. आणि बदली कुठे, तर आमच्याच सर्कलमध्ये!

त्या दिवशी शाळेला अर्धी सुटी मिळाली. कारण विचारल्यावर गुरुजींनी पोरांना सांगितलं, "आपले भोपळे साहेब येऊन राह्यले." आपले या शब्दावर एवढा जोर की पोरांना वाटलं, गुरुजींचा सख्खा भाऊच येतो आहे. साहेबांची नोंद शेवटच्या पानावर झाली, पण मानात जजसाहेब दोन नंबरवर गेले. गुरुजींनी साहेबांना चार पत्रं लिहिली. साहेबांची उत्तरं दोन-दोन ओळींची, पण नेमकी यायची. माघात केळझरला भोपळ्यांचा कुलमेळावा भरवायचा, अध्यक्ष आपण, असं गुरुजींनी कळवलं. उत्तर आलं: 'येण्यास हरकत नाही. तत्पूर्वी प्रत्यक्ष भेटून बोलावे असे वाटते.'

"मोठा माणूस पाहा कसा लिवते," गुरुजी म्हणाले. "भेटाची केवढी ओढ!"

मेळाव्याच्या आठ दिवस आधी साहेब शाळेच्या तपासणीला आले. तिशी-पस्तिशीचे, सडपातळ, साधा कोट, पायांत धुळीनं माखलेले बूट. बसमधून उतरून चालतच आले होते. हार बाजूला ठेवला, चहा नंतर म्हणाले आणि सरळ वर्गात शिरले. माझ्या दुसरीत त्यांनी एका पोराला फळ्यावर बेरीज घातली. हातचा विसरला तर रागावले नाहीत, खडू घेऊन शेजारी उकिडवे बसले. तपासणीला आलेला साहेब मी पहिल्यांदाच पोराच्या उंचीवर उतरलेला पाहत होतो.

मग ऑफिसात गुरुजींनी रजिस्टर पुढे केलं. मी दाराजवळ हजेरीचे कागद घेऊन उभा होतो. साहेब एकेक पान वाचत गेले. पहिलवानाशी त्यांना हसू आलं, जंगलातल्या सागवानाशी पुन्हा आलं. शेवटच्या पानावर स्वतःचं नाव दिसलं तेव्हा ते थांबले. खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि आपल्या नावापुढचा कोरा रकाना भरला. नीट, वळणदार अक्षरात. मग पान उलटं फिरवून गुरुजींसमोर ठेवलं.

त्यांनी लिहिलं होतं: महार.

"रजिस्टर अपुरं ठेवू नये, गुरुजी," ते म्हणाले. "माझे वडील पवनारकडे कोतवाल होते. मी भेटून बोलू म्हणालो होतो, ते हेच. आता सांगा, केळझरला येऊ की नको?"

बाहेर चौथीची पोरं कविता म्हणत होती. गुरुजींचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती. ती घामेजली होती. शेवटी ते म्हणाले, "या ना साहेब. येजा."

हे त्यांनी मनापासून म्हटलं, साहेबाच्या धाकानं म्हटलं, की पंधरा वर्षांच्या सवयीनं तोंडातून गेलं, ते मला त्या वेळी कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळलं नसावं. कारण साहेब गेल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ढगे, मी आता काय बोललो हो?"

दुसऱ्याच दिवशी दौलतराव दारात. बैलगाडीतून उतरायच्या आधीच विचारते झाले, "काऊन रे नारायण, ऐकलं ते खरं हाय का?"

"खरं हाय."

"अन तू त्याले पंगतीत बसवून राह्यला?"

"दादा, भाषणात तं तुमीच सांगता, एका हाताची बोटं..."

"भाषण येगळं अन भात येगळा!" दौलतराव ओरडले. मग आवाज खाली आणून त्यांनी उपाय सुचवले. पहिला: केळझरात पटकीची साथ आली अशी तार ठोकायची. दुसरा: साहेबांना भोपळे म्हणून नव्हे, सरकार म्हणून बोलवायचं. सरकारला जात नसते. तिसरा: साहेब लोक टेबलावर जेवतात, तेव्हा मान म्हणून त्यांना लांब चिंचेखाली टेबल मांडून द्यायचं. कोणाचा अपमान नाही, कोणाचा धर्म बुडत नाही. "नाई तं नारायण, तुह्या दारात कोणी पाय ठेवणार नाई. माय गेली तं खांदेकरी बी भेटणार नाई, तेरवीले कोणी जेवाले येणार नाई, सांगून ठेवतो."

गुरुजींची म्हातारी आई तेव्हा आत अंथरुणाला खिळलेली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

संध्याकाळी गुरुजी माझ्या खोलीत आले. "ढगे, तुमचं अक्षर चांगलं हाय. दोन ओळी लिवून द्या." आणि मी लिहून दिल्या. 'काही अपरिहार्य कारणास्तव मेळावा स्थगित करणे भाग पडत आहे. क्षमस्व.' हातात खादीचा रुमाल बाळगणारा, सुधारक मतांचा मी. मला एक शब्दही उलटा बोलावासा वाटला नाही. उलट 'अपरिहार्य' हा शब्द छान सुचला म्हणून मी जरा खूश होतो.

ते पत्र खिशात घालून गुरुजी तीन दिवस पोस्टापर्यंत जात राहिले. पेटीसमोर उभं राहायचं, पोस्टमास्तराशी थंडीबद्दल बोलायचं आणि परत यायचं. तिसऱ्या दिवशी कोट धुवायला काढताना पत्र सरस्वतीबाईंना सापडलं. त्यांना जेमतेम वाचता येई. अक्षर अक्षर लावत त्यांनी ते पुरं वाचलं आणि ओसरीवर आल्या. मी खोलीतच होतो.

"हे अपरिहार्य म्हणजे काय हो?"

गुरुजी पत्र घ्यायला उठले, पण बाईंनी ते पदराआड धरलं.

"चार चिठ्ठ्यात 'बंधू' लिवलं त्याले. म्या इचारलं बी नव्हतं, तुमीच मले वाचून दाखवलं. आता तो निघून येते म्हणते, तं तुमचा भाऊ नाई राह्यला? मंग पंधरा वरसं काय केलं, कागद खराब केले?"

"लोक जेवणार नाई, सरस्वती."

"नका जेवू. मी एकटी तीस मानसाचा सयपाक करून राह्यली. एक मानूस बी नीट जेवला तं मले पुरे हाय."

पत्र चुलीत गेलं. कोणी घातलं, ते मी पाहिलं नाही.

मेळावा केळझरला, गावच्या देवळापासून जरा दूर एका अमराईत होता. चाळीसेक भोपळे जमले. सकाळी भाषणं झाली. साहेब पाच मिनिटं बोलले: मुलींना चौथीनंतर शाळेतून काढू नका. टाळ्या दौलतरावांनी सर्वांत जोरात वाजवल्या. भाषणाला त्यांची ना नव्हती.

मग पंगत. पत्रावळी मांडल्या. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. आणि लांब चिंचेखाली, पांढरी चादर घातलेलं एक टेबल, एक खुर्ची, एक चिनी मातीची बशी. दौलतरावांनी ते कधी मांडून घेतलं ते गुरुजींनाही माहीत नव्हतं. "साहेब, तुमची व्यवस्था तिकडं," दौलतराव अदबीनं म्हणाले. "अफसर लोकायचा मान."

साहेबांनी टेबलाकडे पाहिलं. तोंडावर काहीच आलं नाही. असं टेबल ते काही पहिल्यांदाच पाहत नसावेत. ते चालायला लागले.

तेव्हा गुरुजी पंगतीतून उठले. आपली पत्रावळ उचलली, दुसरी एक घेतली आणि साहेबांच्या मागे गेले. चिंचेखाली टेबलाच्या बाजूला, जमिनीवर दोन्ही पत्रावळी मांडल्या. मग स्वतः मांडी घालून बसले. साहेब म्हणाले, "गुरुजी, तुम्ही कशाला उठलात?"

"तिथं दाटी झाली जी," गुरुजी म्हणाले. पंगतीत दहा जागा रिकाम्या होत्या.

सरस्वतीबाई वरणाचं भांडं घेऊन निघाल्या आणि सगळी पंगत ओलांडून पहिलं वरण चिंचेखाली वाढलं.

दौलतराव उठले. त्यांच्यामागे सगळे भोपळे उठले. तावातावानं अमराईच्या कुंपणापर्यंत गेले. तिथे मात्र जरा खोळंबा झाला, कारण बुंदीचा वास कुंपणापर्यंत येत होता आणि केळझरहून परतीची बस दोन तासांनी होती. पहिल्यांदा आर्वीचे गिरणीवाले परतले. म्हणाले, "आमी तसे लांबचेच भोपळे हाओ. आमाले काई बाधत नाई." मग आणखी तिघं आठवून आठवून लांबचे झाले. सकाळी गुरुजींच्या चार पिढ्यांतले सख्खे असलेले अकरा भोपळे बघता बघता परके होऊन जेवायला बसले. फक्त बसताना चिंचेपासून अंतर राखून बसले. मीही बसलो. कुठे, ते विचारू नका. ना इकडे ना तिकडे, मध्ये एक आंब्याचं झाड होतं.

महिन्याभरानं तपासणीचा अहवाल आला. शाळेचं गणित उत्तम, वाचन बरं, आणि खाली शेरा: 'मुख्याध्यापकांनी दाखल-खारीजचे शासकीय रजिस्टर खासगी कामासाठी वापरल्याचे आढळले. समज देण्यात यावी.'

मी घाबरत घाबरत तो गुरुजींच्या पुढे ठेवला. वाटलं, एवढं करून हे फळ! गुरुजींनी दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा असा फुलला की तसा मी जजसाहेबांच्या कार्डानंही फुललेला पाहिला नव्हता. "याले म्हणते मानूस! जेवला म्हणून सोडलं नाई." त्यांनी ती समज चौकटीत बसवून ऑफिसात लावली असती, पण ती सरकारी कागदाचा गैरवापर ठरली असती, म्हणून राहिलं.

पावसाळ्यात गुरुजींची आई गेली. आमची मास्तर मंडळी, दोन शेजारी आणि पवनारकडून सायकलवर आलेले साहेब, एवढेच खांदेकरी होते. दौलतरावांनी शब्द पाळला. तेरवीला पत्रावळी उरल्या. लगोलग, दौलतरावांची ऊठबस होती त्या वरच्या लोकांकडून, गुरुजींच्या बदलीचा कागद आला: गिरड. जिल्ह्याचं दुसरं टोक. सरस्वतीबाईंनी तो कागद ऐकला आणि म्हणाल्या, "तिकडं पानी कसं हाय म्हणते?" एवढंच. सामान बैलगाडीत चढवताना मी गुरुजींना नमस्कार केला. मला त्या पत्राबद्दल काही बोलायचं होतं. त्याऐवजी गाडीची दोरी आवळून दिली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. दोन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात. बहिणीचा नवस होता म्हणून आम्ही गिरडच्या टेकडीवर, शेख फरीदच्या दर्ग्याला गेलो होतो. ऊन असं की दगडावर पाय ठेवता येईना. टेकडीच्या पायथ्याशी बाभळीच्या आडोशाला तट्ट्या बांधून पाणपोई केली होती. चार रांजण, ओल्या फडक्यात गुंडाळलेले. लोक रांगेनं वाकून ओंजळ करत होते. हिंदू होते, मुसलमान होते, गोंड होते, दुरून चालत आलेले, धुळीनं एका रंगाचे झालेले.

रांजणामागे भोपळे गुरुजी उभे होते. कोट नव्हता, टोपी नव्हती, बंडी घामानं पाठीला चिकटली होती. सरस्वतीबाई मागून घागर ओतत होत्या आणि ते लांब दांड्याच्या पळ्यानं पाणी घालत होते.

माझी पाळी आली. मी वाकलो, ओंजळ पुढे केली. पाणी थंडगार होतं, वाळ्याचा वास होता. मी मान वर करून हाक मारणार होतो. पण गुरुजींचं लक्ष माझ्या हातांकडे होतं, धार सांडू नये म्हणून; तोंडाकडे ते कोणाच्याच पाहत नव्हते. "घ्या, पोटभर घ्या," ते म्हणाले, "घाई नोका करू." माझं पिऊन झालं तसा पळा पुढच्या ओंजळीकडे वळला, आणि मागच्या माणसानं मला हलकेच पुढे सारलं.